दहावे व्रत आणि घरातली तार



मार्गशीर्षात आपल्या जुन्नर-मंचरकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या घरात चौविहार पाळला जातो त्या घरातील चूल त्याआधीच विझलेली असते. शेजारच्या घरी साडेआठ-नऊला पाने वाढली जातात. आपल्याकडे त्या वेळेपर्यंत तीन तास सरलेले असतात. जैन कुटुंबाची संध्याकाळ ही अशी इतरांपेक्षा लांब असते. पूर्वी ती भरलेली असे. प्रतिक्रमण, थोरांचे वाचन, पेढीवरून आलेला रोजमेळ पडताळणे, मुलांचे पाढे, ओट्यावरच्या गप्पा. आज चौविहार बहुतेक घरांत टिकून आहे, याचे समाधान आहेच. परंतु त्याने मोकळे करून दिलेले तीन-चार तास कोठे जातात, याचा हिशेब कोणी विचारीत नाही. पैशापैचा मेळ लागल्यावाचून दुकान न मिटणाऱ्या समाजाने हा विचारायला हवा.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली आणि तिच्याबरोबर इंटरनेटची तारही आली. ती गरज खरी होती. शाळा पुन्हा शाळेत गेली, तार मात्र भिंतीवर राहिली. आपल्या पेठांतून तर दुकान पुढे आणि घर मागे, किंवा दुकान खाली आणि घर माडीवर. एकाच छपराखाली दोन्ही असल्याने दुकानासाठी घेतलेली जोडणी जिन्यावरून वर कधी चढली, हे कोणालाही कळले नाही.

हे केवळ आपल्या घराचे दुखणे नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामसभेने ठरविले, की रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहावेत. टाळेबंदीनंतर मुलांचे लक्ष पुस्तकात राहीना, हे त्यामागचे कारण. सरपंच विजय मोहिते यांचा पुढाकार आणि गावातील स्त्रियांचा पाठिंबा हे त्याचे बळ. दीड तासाची ही गोष्ट पुढे देशभर गाजली. मला त्यात विशेष वाटते ते हे, की गावाने यंत्राला दोष दिला नाही. फक्त वेळेची कुंपणभिंत घातली.

आपल्याकडे असे कुंपण बांधण्याची रीत फार जुनी आहे आणि तिचे नाव देशावकाशिक व्रत. श्वेतांबर परंपरेत श्रावकाच्या बारा व्रतांत ते दहावे मानतात. दिगंबर परंपरेत क्रम वेगळा असला तरी आशय तोच. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घ्यावयाची आणि देशावकाशिकात तीच मर्यादा काही काळापुरती आणखी आखडून घ्यावयाची : आज या घरापलीकडे नाही, या चार दिवसांत या गावापलीकडे नाही. रोज सकाळी जे चौदा नियम धारतात, त्यांनाही ‘दिशा’ हा नियम परिचित आहेच.

परंतु व्रतापेक्षा त्याचे अतिचार पाहावेत. प्रतिक्रमणात आपण ते रोज म्हणतो आणि म्हणूनच कदाचित ऐकत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही ते पाच सांगितले आहेत : आनयन, प्रेष्यप्रयोग, शब्दानुपात, रूपानुपात आणि पुद्गलक्षेप. शरीराने सीमा ओलांडली तर व्रत मोडले, हे उघड आहे. हे पाच अतिचार शरीर घरात ठेवून सीमा ओलांडण्याचे प्रकार आहेत. मी बाहेर गेलो नाही. पण बाहेरची वस्तू आत मागविली, ते आनयन. मी गेलो नाही, नोकराला पाठविले, तो प्रेष्यप्रयोग. मर्यादेच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने आपल्याकडे पाहावे म्हणून मुद्दाम खाकरलो, तो शब्दानुपात. तोंडाने काही न बोलता नुसते आपले रूप त्याला दाखविले, तो रूपानुपात. तेही नाही, एक खडा भिरकावला, तो पुद्गलक्षेप.

आता ही यादी घेऊन आपल्या माडीवर जावे. पलंगावर पडल्या पडल्या मागविलेले सामान दारात येते. दुसऱ्या कोणाच्या तरी हातून आपली कामे गावोगाव होत राहतात. खाकरणे आणि रूप दाखविणे यांविषयी तर बोलायलाच नको. दिवसातून दहा वेळा आपले छायाचित्र बदलणे आणि ते कोणी पाहिले हे मोजत बसणे, याला याहून नेमका शब्द कोणत्या आधुनिक ग्रंथात सापडेल? आणि खडे म्हणजे ते पुढे ढकललेले संदेश. ज्या काळी निरोप्या पायी जात होता त्या काळी आपल्या आचार्यांनी ओळखले होते, की माणूस घरी बसूनही घरी नसू शकतो.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो योग्य आहे : व्यापाऱ्याला हे कसे परवडावे? दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे विवरण, २० तारखेला कराचा भरणा, ठरावीक किमतीवरचा माल गाडीत चढविला की ई-वे बिल, गल्ल्यावर यूपीआयचा बोलका डबा, सकाळी नारायणगावच्या टोमॅटोचा आणि ओतूर-आळेफाट्याच्या कांद्याचा भाव. यांतले काहीही आता तारेवाचून होत नाही. मात्र यांतले काहीही स्वयंपाकघरात किंवा शयनगृहात करावयाचे नाही, हेही तितकेच खरे. उपासकदशांगातील वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक आपणा सर्वांना ठाऊक आहे. चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात असा त्याचा पसारा. देशोदेशी जाणाऱ्या गाड्या ५०० आणि स्थानिक वाहतुकीच्या ५००. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने व्यापार सोडला नाही. आहे तेथे रेघ ओढली. ती रेघ कोठे ओढावी, एवढाच आपला प्रश्न आहे आणि पेढी व घर यांच्यामधला जिना ही मला त्यासाठी चांगली जागा वाटते.

आमच्या घरी आषाढी चौमासीपासून तशी रेघ आहे, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. जोडणी पेढीवर ठेवली. दुकान वाढविताना सर्वांचे मोबाइल गल्ल्याच्या खणात जातात. घरात बटणांचा एक साधा फोन आहे. तो वाजतो, बोलता येते, एवढेच. पहिला पंधरवडा कठीण गेला, हे लपविण्यात अर्थ नाही. सगळ्यांत जास्त अडचण तरुणांची होईल अशी समजूत होती. ती झाली वडीलधाऱ्यांची. त्यांची प्रवचने पडद्यावर होती, पुण्याला दिलेल्या लेकीचे तोंड रोज पडद्यावर दिसत होते, नवकारशीची वेळसुद्धा मोबाइल सांगत होता. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे एवढे ते साधे गणित. पण सूर्योदय किती वाजता, हेच घरात कोणाला सांगता येईना. अखेर छापील पंचांग पुन्हा भिंतीवर आले आणि धाकट्या नातवाकडे रोजची वेळ वाचून दाखविण्याचे काम आले. लेकीशी बोलणे आता आठवड्यातून दोनदा दुकानावरून, ठरलेल्या वेळी होते. सूनबाईंचे म्हणणे असे, की त्यामुळे बोलण्यासारखे काही साचते तरी. प्रवचनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ज्यांचे गुडघे स्थानकापर्यंत चालू देत नाहीत त्यांच्या कानाला जिनवाणी मिळत असेल, तर ती तार परिग्रहात मोजावी की साधनात, याचे उत्तर मजजवळ नाही. तूर्त नातवंडे आळीपाळीने त्यांना वाचून दाखवितात. वाचन अडखळत होते, त्यांची चिडचिड होते. पण दोन्ही पिढ्या एका दिव्याखाली बसतात.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. इंटरनेट नसणे म्हणजे आपोआप साधेपणा, असे कोणी समजू नये. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात गेलात, तर रेंजसाठी उंचवटा शोधणारी माणसे भेटतात. तेथील मुलांची शाळा टाळेबंदीत बुडाली, ती कोणी व्रत घेतले म्हणून नव्हे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेले, १५० हून अधिक माणसे गेली आणि गाव जागेवर नाही, ही वार्ता बाहेर आणली ती त्या रस्त्याने आलेल्या एस. टी. च्या चालकाने. ज्यांना वेळेवर निरोप मिळत नाही त्यांच्यासमोर आपण आपल्या त्यागाची शोभा करू नये. बिबट्या दिसल्याचा निरोप किंवा पावसाचा इशारा मिळावा, म्हणून साधा फोन घरात चालू ठेवणे हेही विवेकात बसते. ज्याच्यापाशी आहे, त्यालाच सोडता येते. ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वाट्याला ते यावे, ही मागणी आपण केली पाहिजे. नाणेघाटातील जकातीचा दगडी रांजण आपल्याला सांगतोच, की हा प्रदेश दोन हजार वर्षांपूर्वीही बाहेरच्या जगाशी जोडलेला होता. जोडलेले असण्याचे वैर आपल्याला कधीच नव्हते.

या संदर्भात आपल्याच तालुक्यातील एक स्थळ मला वारंवार आठवते. नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांची ती कल्पना. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या रांगांत, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आपल्यापैकी अनेकांनी शेताच्या कडेला उभ्या असलेल्या त्या तबकड्या जाता-येता पाहिल्या असतील. थांबून चौकशी केलेले थोडे. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनाचा अतिशय क्षीण संदेश त्या टिपतात. ही जागा निवडण्याच्या कारणांत एक कारण असे होते, की येथे माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. आता तो वाढला आहे. मोबाइल, प्रसारण, इतकेच काय, उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांतून उडणारी ठिणगीदेखील त्या श्रवणात व्यत्यय आणते आणि तो गाळून काढण्यासाठी शास्त्रज्ञांना स्वतंत्र खटपट करावी लागते. गंमत पाहा, त्या तीसही तबकड्या मध्यवर्ती केंद्राशी जमिनीखालच्या प्रकाशतंतूंनी जोडलेल्या आहेत. तार तेथेही आहे, भरपूर आहे; ती कामापुरती आहे आणि आसमंत मात्र शांत हवा आहे. सामायिकाची ४८ मिनिटे मी ज्या खोलीत बसतो, त्या खोलीचे गणित याहून वेगळे नाही.

यंदाच्या संवत्सरीची हकीकत सांगून थांबतो. क्षमापनेचा संदेश हा आता वर्षातील सर्वांत सोपा संदेश झाला आहे. फुलांचे एक चित्र, खाली मिच्छा मि दुक्कडं आणि एका बोटाने चारशे जणांना रवाना. त्यात ज्याचे आपण काहीच बिघडविले नाही असा दूरचा परिचितही येतो आणि ज्याच्याशी दोन वर्षे बोलणे नाही तोही येतो. दोघांना एकच फूल. घरात सोय नसल्याने यंदा आमच्या वडील बंधूंनी टपाल कचेरीतून पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणली आणि पर्युषणाच्या आठ संध्याकाळी बसून ती लिहिली. हाताने लिहिताना प्रत्येक नाव निराळे लिहावे लागते. पाचव्या दिवशी एका नावापाशी त्यांची लेखणी थांबली. आडतीच्या जुन्या हिशेबावरून ज्या घराशी येणे-जाणे तुटले होते, ते ते नाव. त्या रात्री कार्ड कोरेच राहिले, दुसऱ्या रात्रीही. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांनी इतर सर्व कार्डे पूर्ण केली, गठ्ठा बांधला आणि ते एक कार्ड बाजूला ठेवले. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारणे करून, ते कोरे कार्ड खिशात घालून ते घोडेगावच्या एस. टी. त बसले.