पाटी बाईची, नफा कोणाचा?

आगरदांड्याच्या आमच्या कोळीण भगिनींस धंदा कळत नाही, असे कोण म्हणेल? भाव, बर्फ, गिऱ्हाईक सारे त्यांस मुखोद्गत. नडते ते भांडवल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद. त्या ६१ दिवसांत गाठीचा पैसा घरखर्चात सरतो, आणि नारळी पौर्णिमेस पाटी पुन्हा भरते ती सावकाराच्या कर्जाने. मग नफा कोणाचा? साताऱ्याकडील म्हसवडच्या बायांस निरक्षर म्हणून बँकेचा परवाना प्रथम नाकारला गेला. त्यांनी अक्षरे गिरविली व १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. बंधूंनो, पाटीचा पैसा बाईच्याच नावे पतपेढीत पडू द्या. हिशेब लिहावयास आम्ही रात्री शाळेत शिकवू. तुम्ही तिला तेवढी सवड द्या.