वेल्ह्यात पाइन शोधणाऱ्यांनो, थांबा!

शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर 'पाइन नीडल टी'चा व्हिडिओ फिरला, की शनिवारी तोरण्याला निघालेल्या कुणाला तरी प्रश्न पडतोच: "वेल्ह्यात मिळेल का रे?"

नाही मिळणार. आपल्या सह्याद्रीत पाइन आपसूक उगवत नाही. सुयांसारखं दिसतं ते बहुधा कुणीतरी लावलेलं सुरूचं झाड. त्या सुया म्हणजे पानं नाहीतच, बारीक डहाळ्या आहेत. पण खरी भीती पिवळ्या कण्हेरीची. लांब, अरुंद, बाराही महिने हिरवी पानं, रस्तोरस्ती लावलेली. तिचं विष थेट हृदयावर जातं, आणि उकळून ते जात नाही. "नॅचरल आहे, काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. नॅचरल तर फुरसंही असतं!

बरं, या चहाची कीर्ती आली कुठून? 1535-36 च्या हिवाळ्यात झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं आजच्या क्वेबेकजवळ बर्फात अडकली. खलाशी स्कर्व्हीने मरू लागले. तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला शिकवलं, आणि उरलेले वाचले. आपण यातलं झाड तेवढं लक्षात ठेवतो. मुख्य गोष्ट विसरतो: त्यांनी स्थानिकांना विचारलं होतं.

मग वेल्ह्यातही विचारा की! घरामागे गवती चहा असतो, हिवाळ्यात आवळा असतो. सी व्हिटॅमिनच हवं असेल तर आवळ्यासारखं दुसरं काही नाही, आणि तो उकळायचीही गरज नाही. (उकळल्यावर ते व्हिटॅमिन बरंचसं जातंच.) पण फुकट ओरबाडायचं नाही, विकत घ्यायचं. वन हक्क कायदा, 2006 गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क देतो तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना. वीकेंडला सॅक घेऊन येणाऱ्या आपल्याला नाही. त्यांच्यासाठी हिरडा म्हणजे घरखर्च, आपल्यासाठी रानपाला म्हणजे एक फोटो. दीडशे रुपयांची कॉफी घासाघीस न करता पिणारे आपण, गवती चह्याच्या जुडीला दहा रुपये जास्त म्हणतो, याला काय म्हणावं?

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रेकला रानातलं पान तोडू नका. गडाखालच्या घरात चहा मागा, त्यात गवती चहा टाकायला सांगा आणि निघताना पैसे द्या. वेल्ह्याचा हर्बल टी तोच.