ई२० पेट्रोल आणि अणदूरच्या सोयाबीनचा भाव

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील अणदूर (ता. तुळजापूर) परिसरात दुचाकीत आता जे पेट्रोल पडते, ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० असते. इथेनॉल म्हटले की आपल्याकडे उसाचीच चर्चा होते. प्रत्यक्षात २०२४-२५ च्या हंगामात इथेनॉलसाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला कच्चा माल मका होता. त्यामुळे या इंधनाचा संबंध उसाचे टिपरूही न लावणाऱ्या कोरडवाहू सोयाबीन उत्पादकाशी येतो.

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. इथेनॉलच्या रेणूत मात्र ऑक्सिजन आधीच असतो, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. त्यामुळे ते स्वच्छ जळते, पण उष्णता कमी देते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे ई२० च्या लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. (डिझेल ट्रॅक्टरचा याच्याशी संबंध नाही. पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून हंगाम संपल्यावर पंपाची टाकी रिकामी करून ठेवावी.)

जैवइंधनाच्या बाजूने मुख्य मुद्दा कार्बनचा. पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. इथेनॉलमधला पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. हा हिशेब कागदावर चोख दिसतो. पण मक्याला लागणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, नांगरटीला डिझेल लागते. साखर कारखान्याकडे बॉयलरसाठी स्वतःचे बगॅस असते. धान्यावरच्या डिस्टिलरीला भुसा किंवा कोळसा विकत घ्यावा लागतो. उसाची अडचण वेगळी, ती पाण्याची. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तिथे हा आकडा हलका घेता येत नाही.

आता सोयाबीनकडे. २०२३ चा पाऊस कमी पडल्याने ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. नंतर ते सैल झाले, पण तोवर डिस्टिलऱ्या मक्याकडे वळू लागल्या होत्या. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये दर मिळाला. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये ५७.९७ रुपये.

किण्वनात यीस्ट फक्त पिष्टापासून बनलेली साखर खाते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मक्यातली प्रथिने, तेल आणि तंतू तसेच मागे राहतात. ते वाळवले की डीडीजीएस नावाचे पशुखाद्य मिळते. त्यात साधारण पाव हिस्सा किंवा थोडी जास्त प्रथिने असतात. सोयापेंडीत ती ४५ टक्क्यांच्या पुढे असतात. दर्जात पेंड सरस, पण डीडीजीएस स्वस्त; म्हणून कोंबडीखाद्य उत्पादकांनी पेंडीचा काही वाटा कमी केला. सोयाबीनच्या दाण्यातून तेलापेक्षा पेंड कितीतरी जास्त निघते. पेंडीला उठाव नसला की दाण्याला भाव येत नाही. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले. जगभरचा मुबलक पुरवठा हे त्याचे मोठे कारण होतेच, सगळा दोष डीडीजीएसवर टाकता येणार नाही. मात्र हा माल एका वर्षाचा पाहुणा नाही. ई२० चालू असेपर्यंत तो बाजारात येतच राहणार.

मग सोयाबीन सोडून मका लावावा का? सरकार दर बांधून देते तो इथेनॉलचा, डिस्टिलरीसाठी. शेतकऱ्याच्या मक्याचा भाव बाजारच ठरवतो. शिवाय मक्याला नत्र जास्त लागते आणि लष्करी अळीचा खर्च येतो. सोयाबीन आपले बरेचसे नत्र गाठींतून मिळवते. हलक्या, पाण्याची सोय नसलेल्या रानात सोयाबीन अधिक तूर हीच पद्धत सध्या कमी जोखमीची वाटते. खात्रीचे पाणी असेल तर काही क्षेत्रावर मका घ्यायला हरकत नाही. सोयाबीनची ओल १२ टक्क्यांवर आणून हमीभाव केंद्राची नोंदणी वेळेत करावी. काढणीच्या आठवड्यातच सगळा माल आडतीवर नेऊ नये.