संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

नागपूर विभागात २०२५ साली उघडकीस आलेल्या शालार्थ प्रकरणाने शिक्षणक्षेत्राला मोठा हादरा दिला. अपात्र व्यक्तींच्या नावे शालार्थ क्रमांक तयार झाले आणि त्यांच्या आधारे सरकारी तिजोरीतून वेतन उचलले गेले, असा आरोप त्यात आहे. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली, सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदविला, विशेष तपास पथक नेमले गेले. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी आधीच निवाडा देण्याचे कारण नाही. परंतु या प्रकरणाने पुढे आणलेला एक प्रश्न निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही. संगणकावरील नोंद ज्याच्या नावाने होते, त्यानेच ती केली असे कशावरून समजावयाचे? जुन्या कचेरीत सहीचा नमुना असे, शिक्का कपाटात असे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शिपायालाही ठाऊक असे. आता सही, शिक्का आणि किल्ली या तिन्हींचे काम पासवर्ड नावाच्या आठ-दहा अक्षरांवर आले आहे. आणि ती अक्षरे चिटोऱ्यावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटविण्याची पद्धत कितीतरी ठिकाणी बिनदिक्कत चालू आहे.

या सवयीचे मूळ कचेरीत नसून घरात आहे. घरी एकच संगणक, त्यावर सर्वांचे मिळून एकच खाते, पासवर्ड म्हणजे मुलाची जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक, आणि तोच पासवर्ड बँकेला, ई-मेलला व रेल्वेच्या आरक्षणाला, असा सर्वसाधारण संसार असतो. हाच गृहस्थ सकाळी शाळेत किंवा कचेरीत जाऊन बसतो, तेव्हा घरची बेशिस्त बरोबर घेऊन जातो. रजेवर जाताना सहकाऱ्याला पासवर्ड सांगून जाणे त्याला सौजन्याचे वाटते. कोऱ्या धनादेशावर सही करून तो टेबलावर ठेवून जाण्याची कल्पनाही ज्याला सहन होणार नाही, तो मनुष्य त्याहून मोठा धोका रोज हसतमुखाने पत्करीत असतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेच्या विरोधात २०१२ साली केलेल्या याचिकेतून हा प्रश्न उभा राहिला होता. घटनेत असा हक्क नाही, या मतासाठी १९५४ आणि १९६२ सालच्या ज्या निर्णयांचा आधार घेतला जाई, ते त्या मुद्द्यापुरते या पीठाने मोडीत काढले. नागपूरला या निकालाविषयी विशेष आस्था असावयास हवी. प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविणाऱ्या २०१५ च्या त्रिसदस्य पीठावर, आणि पुढे या नऊ जणांतही, याच शहरात जन्मलेले व येथेच वकिली केलेले न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांनी आपले स्वतंत्र, सहमतीचे निकालपत्र लिहिले. परंतु हक्क घोषित होणे आणि तो उपभोगता येणे यांत अंतर असते. न्यायालय घराची मालकी मान्य करू शकते. रात्री दाराला कडी लावण्याचे काम घरच्या माणसालाच करावे लागते.

ही कडी लावण्यास अभियंता व्हावे लागत नाही. प्रथम ई-मेलचे खाते सांभाळावे. कारण अन्य खात्यांचा पासवर्ड विसरला तर नवा ठरविण्याचा दुवा बहुधा त्याच पत्त्यावर येतो. ज्याच्या हाती ई-मेल गेले, त्याच्या हाती घरातील किल्ल्यांचा जुडगाच गेला. म्हणून ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगळे असावेत आणि ते लांब असावेत. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच साधे मराठी शब्द जोडले, तरी लक्षात राहण्यास सोपा आणि ओळखण्यास अवघड असा पासवर्ड तयार होतो. त्याच्या जोडीला दुहेरी पडताळणी सुरू करावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून भागत नाही. खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे याची यादी प्रमुख ई-मेल सेवांच्या सुरक्षाविभागात दिसते. ती महिन्यातून एकदा पाहावी आणि अनोळखी यंत्र दिसताच त्याला बाहेर काढून पासवर्ड बदलावा.

दुसरी गोष्ट अद्ययावतीकरणाची. संगणक बंद करताना 'अपडेट' करण्याची सूचना येते आणि वापरणारा ती कटकट म्हणून टाळतो. या टाळाटाळीची किंमत १२ मे २०१७ रोजी जगाने मोजली. त्या दिवशी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. औषध कपाटात होते. ते घेतले गेले नाही. आज घरोघरी असलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर जादा सुरक्षेची जी सोय ठेवण्यात आली, ती मर्यादित मुदतीची आहे. तेव्हा यंत्र पेलत असेल तर नवी आवृत्ती घ्यावी. पेलत नसेल तर 'लिनक्स'सारखी मोफत प्रणाली बसवून घ्यावी. निदान अशा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

खंडणीखोर विषाणूवर खरा उतारा एकच, तो म्हणजे दुसरी प्रत. महत्त्वाचे कागद आणि छायाचित्रे यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच बळी पडते.

यंत्र मंदावले की घाबरण्याची जी रीत आहे, तिचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. वास्तविक बहुतेक तक्रारींचा उलगडा साधा असतो. संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. डिस्क भरत आली आहे का पाहावे. सुरू होतानाच आपोआप जागे होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात तर आणखी एक कारण असते. पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असताना धुळीने पंखा व जाळी तुंबलेला संगणक स्वतःला वाचविण्यासाठीच आपला वेग कमी करतो. त्यावर उपाय म्हणून तो कूलरच्या थेट झोतात ठेवणे म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. त्या हवेतील ओलावा यंत्राला मानवत नाही. जाळी साफ करावी आणि भोवती हवा खेळती ठेवावी.

हे सोडून भांबावलेला मनुष्य इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो, आणि शोधात वर आलेला क्रमांक कंपनीचा नसून ठगाचा असू शकतो. पलीकडून गोड आवाजात 'एनीडेस्क' किंवा तत्सम प्रोग्रॅम उतरवून घेण्यास सांगितले जाते आणि घरचा संगणक परक्याच्या हाती जातो. क्रमांक घ्यावयाचा तो यंत्राच्या कागदपत्रांवरून किंवा पासबुकावरून घ्यावा. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी 'एपीके' फाइल ही पत्रिकाही नव्हे आणि पावतीही नव्हे. तो मोबाइलमध्ये शिरू पाहणारा प्रोग्रॅम असतो. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र देतानाही खाती बंद करून द्यावीत. जुना संगणक विकताना फाइल 'डिलीट' केल्याने ती नाहीशी होत नाही, हे ध्यानात ठेवून डिस्क संपूर्ण पुसून घ्यावी किंवा काढूनच ठेवावी.

आधार क्रमांकाची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. त्यानंतर या बारा अंकांची प्रत मागण्याचा आणि देण्याचा जणू परिपाठच पडला. झेरॉक्सच्या दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर आधारपत्र पाठवून छपाई करून घेणारा ग्राहक, ते छायाचित्र दुकानदाराकडे राहिले याचा विचारही करीत नाही. पहिले आठ अंक झाकलेले आधारपत्र प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. जेथे पूर्ण क्रमांकाची कायदेशीर गरज नाही, तेथे तेच द्यावे. बोटांचे ठसे 'लॉक' करण्याचीही सोय आहे. ब्राउझरमधील 'खासगी खिडकी'विषयीही असाच गैरसमज आहे. ती फक्त त्या यंत्रावर इतिहास राहू देत नाही. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून किंवा संकेतस्थळापासून ती काही लपवीत नाही.

येथे नेहमीचा आक्षेप येतो : ज्याला लपवावयाचे काही नाही, त्याने एवढी धास्ती का बाळगावी? या आक्षेपात चोरीची आणि लाजेची गल्लत आहे. घराला कुलूप लावणारा मनुष्य घरात पाप करतो म्हणून कुलूप लावीत नाही. शिवाय शिक्षक व कारकून यांच्याकडे केवळ स्वतःचीच माहिती असते असे नाही. यू-डायस प्लससारख्या प्रणालींत भरण्यासाठी विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक शिक्षकांच्या हाती येतात. पुष्कळदा ते त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरच येतात. ती यादी वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकणे म्हणजे पन्नास मुलांच्या वतीने, त्यांना न विचारता, त्यांच्या खासगीपणावर पाणी सोडणे होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यास सामान्यतः पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. मोठ्या कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठेवला गेला. कायद्याचा हा धाक पुरता येण्यापूर्वी शाळांनी आपली शिस्त बसविणे शहाणपणाचे ठरेल.

मात्र सारा भार नागरिकाच्या सावधगिरीवर टाकून मोकळे होणे हाही न्याय नव्हे. याच कायद्यात सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा जो अधिकार राखून ठेवला आहे, तो व्यापक आहे, आणि सर्वांत अधिक माहिती तर सरकारच गोळा करते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ना बँकेचा ना ग्राहकाचा दोष असलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर बोजा पडू नये, असे तत्त्व घातले. पण पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल तर सूचना देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्याच माथी येते, हेही त्यात स्पष्ट होते. म्हणून फसवणूक झाल्यावर लाजेने गप्प बसणे सर्वांत घातक. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले तर पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याची संधी असते. 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही, आणि कोणताही पोलीस अधिकारी व्हिडिओवर अटक करून पैसे मागत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना शांतपणे समजावून सांगितली पाहिजे.

राज्य शासनाने २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाला नोकरीसाठी संगणक-अर्हता म्हणून मान्यता दिली, आणि लाखो तरुणांना त्यातून अक्षर टंकित करता येऊ लागले. आता त्या अर्हतेत माहितीच्या राखणदारीचा भाग तितक्याच कसोशीने तपासला गेला पाहिजे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते, रजेच्या काळात दुसऱ्याच्या नावे रीतसर अधिकार, बदली होताच जुने खाते बंद, आणि कोणी केव्हा काय केले याची न पुसता येणारी नोंद, एवढे चार नियम शाळेपासून उपसंचालक कार्यालयापर्यंत पाळले गेले, तर पासवर्ड सांगून जाण्याची गरजच उरणार नाही. यासाठी नवी यंत्रे नकोत, नवा निधीही फारसा नको. ज्या कागदावर सही करताना हात थबकतो, त्याच कागदाचे काम आज बोटाच्या एका दाबाने होते. तेव्हा हात थबकण्याची ती जुनी सवय नव्या यंत्रापुढेही टिकविणे, एवढेच करावयाचे आहे.