दहाव्या गोळीनंतर काय? मॅगझिन, ‘हक्क’ आणि आपण

अमेरिकेतले बंदूकवाले वर्षानुवर्षं एक युक्तिवाद करत आले आहेत. रायफलचं मॅगझिन म्हणजे काय, तर पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा एक डबा. आत एक स्प्रिंग आणि गोळी वर ढकलणारा एक तुकडा. ते अडकलं तर मालकाने घरी उघडावं, दुरुस्त करावं, हवा तो बदल करून घ्यावा. सायकलची चेन उतरली तर आपण पोलिसांना विचारायला जातो का? मग इथे सरकारने नाक खुपसायचं कारण काय?

हा युक्तिवाद आता तिकडेच राहिलेला नाही. रील्स आणि व्हिडिओंमधून तो आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या मोबाइलवर आला आहे. त्याला निळी झालरही लावली जाते. काळ्या माणसांनी बंदुका उचलल्या, तुम्ही कधी उचलणार? ज्याच्या हाती शस्त्र त्यालाच सन्मान. असं बोलणाऱ्यांत आपलेच मित्र आहेत. म्हणून त्यांची टर न उडवता आम्ही मुद्देसूद उत्तर देत आहोत.

आधी त्या डब्याकडेच पाहू. बंदूक चालता चालता अडकते त्याला पुष्कळदा मॅगझिन कारणीभूत असतं, हे बंदूकवालेच सांगतात. म्हणूनच त्यांच्यात त्याच्या दुरुस्तीवर एवढा खल चालतो. त्यांच्या लेखी अडकणं हा यंत्राचा दोष आहे आणि मॅगझिन बदलायला लागणारे दोन-चार सेकंद म्हणजे निव्वळ खोटी. आता गोळीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून तेच सेकंद मोजू.

२० जुलै २०१२. कोलोरॅडोमधल्या ऑरोरा शहरातल्या चित्रपटगृहात हल्लेखोराच्या रायफलला १०० गोळ्यांचं गोल मॅगझिन होतं. ते मध्येच अडकलं. त्या रात्री १२ माणसं गेली. ते अडकलं नसतं तर आकडा कुठे थांबला असता, याचा विचार करा. त्याच वर्षी १४ डिसेंबरला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत ३० गोळ्यांची मॅगझिनं वापरून २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. तिथेही गोळीबार क्षणभर थांबला तेवढ्यात काही मुलं वर्गातून पळाली आणि जगली.

त्याआधी ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला होता. शस्त्र पिस्तूल होतं, पण त्याला लावलेलं मॅगझिन ३३ गोळ्यांचं होतं. ते रिकामं झालं आणि हल्लेखोर दुसरं लावायला गेला, त्या क्षणी लोकांनी त्याला खाली पाडलं. गिफर्ड्स यांचे पती मार्क केली यांनी ३० जानेवारी २०१३ रोजी सिनेटच्या समितीसमोर याचा हिशेब मांडला. पहिली गोळी त्यांच्या पत्नीच्या डोक्यात गेली. तेरावी नऊ वर्षांच्या एका मुलीला लागली आणि ती मेली. मॅगझिन दहा गोळ्यांचं असतं तर तेरावी गोळी सुटायच्या आत त्याला थांबावं लागलं असतं.

म्हणून मॅगझिनवर लिहिलेला आकडा हा यंत्राचा तपशील म्हणून सोडून देता येत नाही. माणसांना पळायला, झडप घालायला, मुलाला ओढून घ्यायला किती वेळ मिळेल, ते त्या आकड्यावर ठरतं. तो आकडा कुणी ठरवायचा, घरात टेबलावर बसलेल्या मालकाने की समाजाने, एवढाच वाद आहे.

अमेरिकेने एकदा समाजाच्या बाजूने उत्तर दिलं होतं. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बनवायला आणि विकायला बंदी घातली. आधीपासून लोकांकडे असलेली तशीच राहू दिली आणि कायद्याला दहा वर्षांची मुदत ठेवली. २००४ मध्ये मुदत संपली, कायदा मेला. आज कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत दहाची मर्यादा आहे, बाकी बहुतेक ठिकाणी नाही. ‘घरच्या घरी बदल’ याचा अर्थ इथे उघड होतो. जिथे कायद्याने दहा म्हटलं, तिथे घरात तीस करून घेणं म्हणजे कायदा एकट्याने, कुणाला न विचारता रद्द करणं.

कॅलिफोर्नियाच्या या मर्यादेवरचा खटला डंकन विरुद्ध बोंटा. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मर्यादा योग्य ठरवली. बहुमताने म्हटलं की असं मोठं मॅगझिन हे ‘शस्त्र’च नाही, जोडसामान आहे. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी काय करावं? आपल्या दालनात बंदुका हातात घेऊन, त्यांचे भाग दाखवत त्यांनी व्हिडिओच काढला आणि निकालपत्राला जोडला. भाग बदलणं किती साधं आहे, अमुक भाग शस्त्र आणि तमुक जोडसामान हा भेद कसा टिकत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. ज्याने कायद्याचा अर्थ लावायचा तोच पुराव्याच्या टेबलावर मेकॅनिक होऊन बसला! आणि बदल इतका सोपा असेल तर त्यावर कायद्याची नजर जास्त हवी, हा साधा निष्कर्ष त्यांना सुचला नाही.

तो निष्कर्ष न्यूझीलंडला ५१ माणसं गमावून काढावा लागला. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत नमाजाला आलेल्या माणसांवर एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने गोळ्या चालवल्या. मृतांत भारतीय नागरिकही होते. खुन्याचं नाव आम्ही घेणार नाही. तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही घेतलं नाही. त्याच्याकडे साधा बंदूक परवाना होता. त्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल मिळत असे, पण तिला ७ गोळ्यांच्या मॅगझिनची मर्यादा होती. मोठं मॅगझिन लावलं की तीच रायफल लष्करी प्रकारात जाई आणि वेगळी, कडक परवानगी लागे. मात्र ते मोठं मॅगझिन विकत घ्यायला कसलाच परवाना लागत नव्हता! कायद्याने रायफल मोजली, डबा मोजला नाही. खुनी नेमका त्या फटीतून आत शिरला. त्यानंतर महिन्याच्या आत, १० एप्रिल २०१९ रोजी, तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा बदलला आणि अशा रायफलींबरोबर अशी मॅगझिनंही बंद केली. सरकारने पैसे मोजून ५६ हजारांहून जास्त बंदुका आणि त्याशिवाय सुटे भाग परत घेतले.

आता आपल्या मित्रांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. शस्त्राचा ‘हक्क’ पीडितांना मुक्त करतो, असं ते म्हणतात. अमेरिकेचा इतिहास काय सांगतो? १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला. त्याचं एक कारण त्यांनी उघडपणे लिहून ठेवलं. नागरिक मानलं तर त्यांना शस्त्र बाळगून हिंडण्याचा हक्कही द्यावा लागेल! पुढे २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं. काही आठवड्यांतच मलफर्ड कायदा आला, गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी सही केली आणि भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी आली. एरवी बंदुकीच्या हक्काचे ढोल बडवणारी नॅशनल रायफल असोसिएशन तेव्हा या कायद्याच्या बाजूने उभी होती. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या काळ्या माणसाची गाडी पोलिसांनी अडवली. आपल्याकडे बंदूक आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं. बंदुकीचा परवाना त्याच्याकडे होता. पोलिसाने त्याला तिथेच गोळ्या घातल्या आणि पुढे तो पोलीस निर्दोष सुटला.

कागदावर हक्क सर्वांचा, प्रत्यक्षात वर्ण पाहून. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला हवं का?

आणि पँथरचं नाव घेणाऱ्यांनी पँथर पूर्ण वाचावा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिकडून घेतलं, हे खरं. पण त्याच ब्लॅक पँथरने १९६९ पासून ओकलंडमध्ये गरीब मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. पोस्टरवर मात्र रायफल राहिली, नाश्त्याची ताटली गेली. हे पोस्टर कुणाच्या सोयीचं आहे, याचा विचार व्हावा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केलं होतं, त्यामुळे १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनेही हा हक्क मागितला होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती नाकारली. सरसकट सर्वांना हा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच मागेल, हा त्यांचा रोख होता. नागरिकाच्या शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, देश संकटात असताना शस्त्र धरण्याच्या त्याच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. म्हणून कलम १९ मध्ये आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क मिळाला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’.

हा काही भित्र्या माणसाचा विचार नव्हता. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, त्याविरुद्ध लढणारे बाबासाहेबच होते आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. शूद्रातिशूद्रांच्या हातातून शस्त्र काढून घेणारी वर्णव्यवस्था त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? त्यांची भूमिका सरळ आहे. शस्त्र असेल तर त्याची नोंद हवी, त्यावर कायद्याचा ताबा हवा आणि चालवणाऱ्याला जाब विचारता यायला हवा. घरात गुपचूप तयार होणारं, बदललं जाणारं हत्यार या तिन्ही कसोट्यांवर नापास होतं.

ज्या हत्याराचा हिशेब नाही, त्याचा मार भारतात कुणी खाल्ला? १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधल्या लक्ष्मणपूर बाथेत रणवीर सेनेने ५८ दलितांना मारलं. त्यात बायका होत्या, लेकरं होती. २०१० मध्ये २६ जणांना शिक्षा झाली आणि २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ते २६ च्या २६ सोडून दिले. बंदुकांची स्पर्धा लावायची तर ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि पोलीस ठाण्यात ओळख आहे, तो पहिला येणार. आपण त्या शर्यतीत उतरणं म्हणजे त्याच्याच मैदानात, त्याच्याच नियमांनी हरायला जाणं.

कायदाही इथे ढिला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा ‘शस्त्र’ म्हणताना त्याचे सुटे भागही धरतो. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, त्यात बदल करणं, ते दुरुस्त करणं हे कलम ५ खाली येतं आणि त्याचं उल्लंघन करून शस्त्र बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. गावठी कट्टा हातात घेऊन रील टाकणाऱ्या पोराला हे ठाऊक नसतं. त्याच्या पाठीवर थाप मारणारा दादा जामिनाच्या वेळी फोन उचलत नाही. वकिलाची फी आई धुणीभांडी करून भरते.

मग स्वसंरक्षणाचं काय? ज्याच्या वस्तीवर हल्ला होऊ शकतो त्याने फक्त संविधानाची प्रत छातीशी धरून बसावं, असं आम्ही म्हणत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ उघडून वाचा. जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे ती क्षेत्रं राज्य सरकारने निश्चित करायची आहेत. गरज दिसल्यास तिथल्या बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रं सरकारजमा करायची आहेत. बेकायदा बंदुका जप्त करायच्या, त्या बनवण्याला पायबंद घालायचा. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना शस्त्रपरवाने द्यायचे. हे सगळं आधीच लिहिलेलं आहे! आपल्यापैकी किती जणांनी ते एकदा तरी मागितलं?

मागायचं कसं, तेही सांगतो. माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा: आपल्या जिल्ह्यात नियम ३ खाली कोणती क्षेत्रं निश्चित झाली, तिथे किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रं जमा झाली, आमच्या माणसांना किती परवाने मिळाले. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. झाली का? इतिवृत्त कुठे आहे? समितीवर आपला म्हणून बसलेला माणूस बोलतो की फक्त चहा पितो? प्रत्येक तालुक्यातून पाच पोरांनी हा एक अर्ज टाकला तर कलेक्टर कचेरीत जेवढी धावपळ होईल, तेवढी शंभर रील्सनी होणार नाही.

हल्लेखोराच्या हातातलं हत्यार मोजायला लावणं, हे आपलं काम आहे. ते कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो चांगला येत नाही, त्याला लाइक मिळत नाहीत. पण एखाद्या वस्तीतलं लेकरू जगेल ते याच कामाने. अर्ज लिहायला बसा.

जयभीम!