दानाचा मंत्री

“आजोबा, दानधर्माला मंत्री कशाला हवा?” असें परवां आमच्या नातवानें विचारलें. इंग्लंडच्या मंत्रिमंडळाची यादी तो वाचीत होता. मीं कांहीं उत्तर दिलें खरें, पण माझेंच समाधान झालें नाहीं.

त्या देशांत दानावर राज्याची नजर जुनीच. १६०१ सालच्या कायद्याच्या प्रस्तावनेंत धर्मादाय कृत्यांची यादी आहे. तींत वृद्धांचें पोषण, शाळा, पुलांची डागडुजी, इतकेंच काय, गरीब मुलींचीं लग्नेंही आहेत! १८५३ सालीं धर्मादाय आयोग आला. आपल्याकडे १९५० च्या कायद्यानें धर्मादाय आयुक्त आले, तसाच हा हिशेब पाहणारा. मंत्र्याची आज्ञा त्यावर चालत नाहीं.

मग मंत्री काय करतो? २००६ सालीं ब्लेअर यांनीं यासाठीं निराळी कचेरी काढून ती एड मिलिबँड यांच्याकडे दिली. संस्थांस अनुदान, स्वयंसेवकांस उत्तेजन, कायद्यांत सुधारणा, अशीं तिचीं कामें. हेतु चांगला, परंतु देणाऱ्या हातामागून अपेक्षाही येते. २०१४ सालीं त्या पदावर नुकतेच आलेले ब्रुक्स न्यूमार्क, संस्थांनीं राजकारणांत न पडतां आपलें विणकाम करीत बसावें, अशा अर्थाचें बोलले. त्यावर तेथें बराच गहजब झाला. विणतांना तोंड बंद राहतें, हें मीं तरी आमच्या घरांत कधीं पाहिलें नाहीं!

थट्टा सोडून सांगतों. जो रोज भुकेल्यास वाढतो, त्यालाच भूक कोठून आली हें प्रथम कळतें. त्यानें तें बोलूं नये, ही अट घालून दिलेलें द्रव्य गीतेंतील वर्गवारीप्रमाणें राजस दानांत जमा होईल. कारण त्याच्या मोबदल्यांत मौन मागितलेलें असतें.

याच्या उलट उदाहरण ट्रेसी क्राउच यांचें. स्वयंसेवी संस्था, क्रीडा व जुगाराचें नियमन हीं कामें या एकाच बाईंकडे होतीं. २०१८ च्या जानेवारींत लोकांच्या एकाकीपणाचा विषयही त्यांच्याकडे आला. (आमच्या घरीं सकाळीं न्हाणीघरापुढें रांग असते, तेव्हां हा विषय समजावयास मला थोडा वेळ लागला.) त्या वेळीं पैजेच्या यंत्रांवर एका डावांत १०० पौंडांपर्यंत लावतां येत. ती मर्यादा २ पौंडांवर आणण्याचें सरकारनें ठरविलें, पण अंमल ऑक्टोबर २०१९ वर ढकलला. या दिरंगाईंत घरें बुडतील, म्हणून बाईंनीं नोव्हेंबर २०१८ मध्यें राजीनामा दिला. संस्थांनीं गप्प बसावें असें ज्या खुर्चीवरून म्हटलें गेलें, त्याच खुर्चीवरील माणसानें बोलून खुर्ची सोडली.

नातू म्हणाला, “मग सरकारनें ऐकलें?”

“ऐकलें. एप्रिल २०१९ पासूनच मर्यादा लागू झाली.”

“आणि बाई?”

“त्या पुन्हा मंत्री झाल्या नाहींत,” मी म्हणालों. तो बराच वेळ यादीकडे पाहत राहिला.