चाकांवरच्या चुलीला जागा कोठे?

पर्यटन हंगाम ऐन भरात आला की गोव्यात एक दृश्य ठरल्याप्रमाणे दिसू लागते. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला परराज्यातील बस उभी असते, तिच्या सावलीत गॅसची शेगडी पेटलेली असते आणि मोठ्या पातेल्यात भात रटरटत असतो. तासाभराने बस निघून जाते. मागे खरकटे, पत्रावळी आणि प्लास्टिकच्या बाटल्या तेवढ्या उरतात. मग स्थानिकांचा संताप, समाजमाध्यमांवरील चित्रफिती, पोलिसांची कारवाई, दंड आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, असे हे चक्र वर्षानुवर्षे फिरत आहे.

अलीकडे या दृश्यात एका नव्या वाहनाची भर पडू लागली आहे. आत झोपण्याची, बसण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली छोटी गाडी, म्हणजेच कॅम्परव्हॅन किंवा कॅराव्हॅन. टाळेबंदीनंतर देशात अशा प्रवासाची आवड वाढली आणि शेजारच्या राज्यांनी त्यासाठी धोरणेही आखली. गोव्याच्या रस्त्यांवरही या गाड्या येणार, हे उघड आहे. प्रश्न असा की, त्यांच्यातील चुलीचे आपण काय करणार?

कायद्याची दोन टोके

गोव्याची भूमिका स्पष्ट आहे. पर्यटन खात्याने २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस आदेश काढून पर्यटनस्थळी उघड्यावर अन्न शिजवण्यास मनाई केली आणि त्यासाठी ५,००० ते ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. या आदेशाला २००१ च्या पर्यटनस्थळे संरक्षण व देखभाल कायद्याचा आधार होता. पुढे २०२५ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपयांवर गेली. त्याआधी, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, कळंगुट पंचायतीने गावात येणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांवर कर लावण्याचा ठराव घेतला होता. त्यामागेही हीच व्यथा होती: शिधा, शेगडी आणि सिलिंडर घेऊन येणारे, गावात काहीही खर्च न करणारे आणि कचरा मात्र ठेवून जाणारे पर्यटक.

दुसरे टोक वाहन कायद्याचे आहे. मोटर कॅराव्हॅनला मान्यता देण्यासाठी आपल्याकडे ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे. बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची व्यवस्था, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या गोष्टी असल्या तरच एखादे वाहन कॅराव्हॅन ठरते, अशी या वाहनाची जगभर रूढ असलेली व्याख्या आहे. म्हणजे शेगडी ही कॅराव्हॅनमधील चैनीची वस्तू नव्हे. तिच्यावाचून ते वाहन कॅराव्हॅनच राहत नाही.

एक कायदा उघड्यावरची चूल विझवतो, दुसरा गाडीतली चूल गृहीत धरतो. या दोहोंमध्ये अडकलेला पर्यटक साहजिकच गाडीचे दार लावून घेऊन आत स्वयंपाक करू लागेल. तसे झाले तर रस्ता स्वच्छ दिसेल. पण धोका संपणार नाही, तो आत जाईल. या विषयाचे सगळे गांभीर्य येथे आहे आणि नेमकी हीच बाजू आपल्या चर्चेत येत नाही.

सात फुटांतील स्वयंपाकघर

या गाड्यांची जन्मभूमी गोव्यापासून हजारेक किलोमीटरवर आहे. इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीत फोर्स मोटर्सची ‘ट्रॅव्हलर’ तयार होते आणि भारतात बनणाऱ्या अनेक कॅराव्हॅन याच गाडीच्या सांगाड्यावर उभारल्या जातात. कॅराव्हॅन बांधणाऱ्या पिनॅकल इंडस्ट्रीजचा कारखानाही पिथमपुरात आहे. पर्यटकांना अशी वाहने भाड्याने देण्याचा प्रयोग मध्य प्रदेशच्या पर्यटन महामंडळाने पूर्वीच करून पाहिला आहे.

ट्रॅव्हलरची रुंदी सुमारे सात फूट. त्यातून भिंतींची जाडी, बाक आणि चालण्याची वाट वजा केली की ओट्याला दोन-अडीच फूट उरतात. तेवढ्यात एक शेगडी, हातभर खोल सिंक आणि खाली पाण्याची टाकी बसवायची असते. येथे घरच्यासारखा स्वयंपाक करू पाहणाऱ्याची पहिल्याच दिवशी फजिती होते. पोळ्या लाटायला जागा नाही, भाजी निवडायला ताट ठेवावे तर शेगडी झाकली जाते आणि एक भांडे विसळले की टाकीतील पाणी डोळ्यांदेखत उतरते.

या मर्यादेत टिकणारा स्वयंपाक मराठी घराला अनोळखी नाही. ‘कुकर लावणे’ हे त्याचे उत्तम उदाहरण. एका आचेवर, एकावर एक डबे रचून वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी शिजतात. वाफ आत राहते, इंधन कमी लागते आणि डब्यांतूनच वाढता येते. भाज्या निघण्यापूर्वी चिरून ठेवणे, कोरडी भाजणी व मेतकूट सोबत बाळगणे, फोडणी एकदाच करून दोन पदार्थांत वाटणे, ही सारी जुन्या प्रवासी शिदोरीची युक्ती आहे.

इंदूरचे पोहे हा त्याहूनही बोलका नमुना. भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर, बडीशेप लावून ते उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वाफेवर तयार केले जातात. वर शेव, कांदा आणि जिरावन मसाला. तेल थोडे, धूर नाही, आणि गाडी चालवणारा एकाच शेगडीवर सकाळभर गिऱ्हाईक सांभाळतो. आपल्याकडील रस-ऑम्लेटचा गाडा यापेक्षा वेगळा नाही. चार-सहा फुटांच्या फळीवर अंडी, पाव, कांदा, रस्सा आणि शेगडी यांची जागा इतकी पक्की असते की गाडेवाल्याला वळावेसुद्धा लागत नाही. अडचणीच्या जागेत रांधण्याची विद्या गोव्यालाही आहे आणि इंदूरलाही. मात्र गाड्याला भिंती नसतात, कॅम्परव्हॅनला असतात.

बंद दाराआडची आच

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो छताकडे न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही, तळाशीही झरोका लागतो. छोट्या गाडीच्या आतील पोकळी साधारण बारा घनमीटर धरली आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते हे लक्षात घेतले, तर जेमतेम अर्धा किलो गॅस पुरेसा ठरतो. तो खाली साचत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी पुरतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये त्याच्या दहापट साठा असतो.

हे केवळ गणित नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. लखनऊहून आलेल्या या यात्रेकरूंनी नियम डावलून सिलिंडर सोबत आणला होता आणि डब्यातच चहा करण्याचा प्रयत्न झाला होता. डबा उभाच होता, पण बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. वातानुकूलनासाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

गॅसला पर्याय विजेचा. इंडक्शन शेगडीवर एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे १०० वॅट-तास वीज लागते. चौघांचे दोन वेळचे जेवण आणि चहा धरला, तर ढोबळ हिशेबाने सव्वा ते दीड युनिट. बारा व्होल्टच्या २०० अँपिअर-तास बॅटरीत साठते २.४ युनिट, त्यावर दिवे, पंखा आणि फ्रीजही चालवायचा असतो. म्हणजे गाडीला रात्री कोठेतरी विजेचा प्लग मिळाला, तरच गॅसवाचून स्वयंपाक शक्य आहे. तो मिळाला नाही की पर्यटक सिलिंडरकडे किंवा जनरेटरकडे वळतो, आणि वर सांगितलेल्या दोन्ही दुर्घटना याच दोन वाटांवर घडल्या आहेत. प्लग, नळ आणि सांडपाण्याचे तोंड या तीन साध्या सोयी म्हणूनच केवळ सुखसोयी राहत नाहीत; त्या सुरक्षेचा भाग ठरतात.

इंदूरने काय केले

उघड्यावर आणि गर्दीत अन्न शिजवण्याचा प्रश्न इंदूरला आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री त्याच पेढ्यांच्या ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलेबी यांच्या कढया चढतात. ‘छप्पन दुकान’ ही तर खाण्यासाठीच ओळखली जाणारी ओळ. या शहराने कढया विझवल्या नाहीत. त्यांना शिस्त लावली. २०२० मध्ये छप्पन दुकानचा परिसर ५६ दिवसांत नव्याने उभारून वाहनमुक्त करण्यात आला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे स्वच्छ खाद्यपथाचे प्रमाणपत्र या दोन्ही ठिकाणांना मिळाले.

त्यामागची खरी ताकद कचऱ्याच्या व्यवस्थेत आहे. इंदुरात कचरा घरात आणि दुकानातच वेगळा केला जातो. ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे सुरू झाला. २०१७ पासून सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत हे शहर पहिले आले, ते केवळ झाडूच्या बळावर नव्हे. खरकटे कोठे जाणार हे आधी ठरलेले होते म्हणून.

अर्थात इंदूरचे सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. सराफ्यातील चिंचोळ्या गल्लीत वाढलेली गर्दी आणि गॅस सिलिंडर यांमुळे आगीचा धोका आहे, अशी तक्रार तेथील सराफ व्यापारीच करत आले आहेत. शिस्त लावली तरी संख्या आवरली नाही, तर जागा अपुरी पडते. लहान राज्याने हा इशारा विशेष गांभीर्याने घ्यावा.

गोव्यापुढील मार्ग

फुकट्या पर्यटकांसाठी आम्ही जमीन आणि पाणी का द्यावे, हा गोमंतकीयांचा सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर शुल्कात आहे. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरणे आणली, तेव्हा पाणी, वीज आणि प्रसाधनगृह असलेली कॅराव्हॅन उद्याने हा त्यांचा गाभा होता. गोव्याने त्याची मोठी आवृत्ती काढण्याची गरज नाही. किनाऱ्यापासून दूर, खाजन आणि अभयारण्ये टाळून, मोजक्या ठिकाणी पंधरा-वीस वाहनांपुरती सशुल्क जागा पुरे. तेथे विजेचे प्लग, नळ, सांडपाण्याचा निचरा, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या पेट्या आणि बसमधून येणाऱ्या गटांसाठी छप्पर असलेला, चहूबाजूंनी मोकळा स्वयंपाकाचा ओटा असावा. खरकटे साळगावच्या प्रकल्पापर्यंत पोहोचवण्याचा खर्च त्या शुल्कातूनच निघावा. शेजारी स्थानिक महिलांना भाजी, मासळी आणि पाव विकण्याची मुभा मिळाली, तर आज गावाला काहीही न देणारा पर्यटक निदान बाजार तरी तेथे करील.

कायद्यातही भेद करावा लागेल. गाडीत पक्की बसवलेली, मान्यताप्राप्त शेगडी आणि बसच्या पोटात पोत्याखाली लपवलेला सुटा सिलिंडर यांना एकाच दंडाने मोजणे योग्य नाही. पहिल्याला नेमून दिलेल्या जागी परवानगी असावी. दुसऱ्याला पत्रादेवी, मोले आणि पोळे येथील नाक्यांवरच अडवून पर्यायी जागा दाखवावी. दंडाची पावती कळंगुटला पोहोचल्यावर फाडण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आजवर आपण पर्यटकाला कोठे रांधू नये एवढेच सांगत आलो. पावसाळा संपून पुढचा हंगाम सुरू होण्याआधी पर्यटन खाते, पंचायती आणि अग्निशमन दलाने एकत्र बसून निदान दोन जागा निश्चित केल्या आणि तेथील दर जाहीर केले, तर कोठे रांधावे हेही सांगता येईल. त्यानंतर रस्त्याकडेला शेगडी पेटवणाऱ्याला एक लाखाचा दंड ठोठावताना कोणालाच संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही.